पत्र्यावरचे नाव

आंबोलीचा पाऊस ज्याने घरात बसून ऐकला आहे, त्याला पत्र्याची थोरवी सांगावी लागत नाही. वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास कोसळणारा हा पाऊस. घाटाखाली बँकेत नोकरीला होतो तेव्हा घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. कौले उतरवून पत्रे घालायचे, हा बहुतेकांचा मजकूर. सोबतच्या कोटेशनवर जी. आय. ही दोन अक्षरे हटकून असत. त्यांतला जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, जस्ताचा थर दिलेला. त्याच सुमारास वरिष्ठ कचेरीतून एक इंग्रजी परिपत्रक आले. वसुलीसाठी कर्मचाऱ्यांना गॅल्व्हनाइज करावे, असा हुकूम. आम्हाला आता जस्तात बुडवणार की काय, अशी शंका आमच्या हेड कॅशियरांनी काढली.

शब्दकोश उघडला, तर दोन्ही अर्थ एकाच क्रियापदाचे आणि त्याच्या मुळाशी एक हाडामांसाचा माणूस निघाला.

लुइजी गॅल्व्हानी इटलीतल्या बोलोन्या शहरात ९ सप्टेंबर १७३७ रोजी जन्मला. वैद्यक शिकला आणि तिथल्याच विद्यापीठात शरीररचना शिकवू लागला. गुरूची मुलगी लुचिया ही त्याची पत्नी. मूलबाळ नव्हते. ती त्याच्या प्रयोगांत मदत करी. तिच्या आजारपणासाठी बेडकाचे सार करताना शोध लागला, अशी एक कथा सांगतात. मला ती खरी वाटत नाही. गॅल्व्हानी आधीपासूनच स्नायू आणि वीज यांच्या मागे लागलेला होता.

१७८०च्या सुमारास सोललेल्या बेडकाचे मागचे पाय टेबलावर होते आणि जवळच घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र. यंत्रातून ठिणगी उडाली, त्याच क्षणी एका सहायकाच्या चाकूचे टोक मज्जातंतूला लागलेले होते. मेलेला पाय झटक्याने ताठ झाला. एखादा हसून पुढच्या कामाला लागला असता. गॅल्व्हानी मात्र पुढची दहा-अकरा वर्षे त्या एका झटक्यापाशी थांबला. आकाशातल्या विजेने तेच घडते का, हे पाहायला १७८६ साली त्याने पितळी आकड्यांना पाय अडकवून ते लोखंडी कठड्यावर टांगले. आकडा कठड्यावर दाबला, की आभाळ निरभ्र असतानाही पाय उडत. त्याने निष्कर्ष काढला, की वीज प्राण्याच्या देहातच आहे. लुचिया १७९० साली दम्याने गेली. पुढच्याच वर्षी त्याचा प्रबंध छापला गेला, आणि युरोपभर बेडकांवर संक्रांत आली.

पाव्हियाच्या आलेस्सांद्रो व्होल्टाने तेच प्रयोग करून पाहिले आणि तो वेगळे बोलू लागला. वीज बेडकात नाही, पितळ आणि लोखंड या दोन भिन्न धातूंच्या जोडीत आहे. बेडूक नुसता ओला दुवा, असे त्याचे म्हणणे. गॅल्व्हानी वादविवादाचा माणूस नव्हे. १७९४ साली त्याने उत्तर दिले तेही निनावी पुस्तकातून. धातू मुळीच न वापरता, मज्जातंतू थेट स्नायूला टेकवून त्याने पाय हलवून दाखवला.

मग राजकारण आडवे आले. नेपोलियनने उत्तर इटलीत नवे प्रजासत्ताक उभे केले आणि प्राध्यापकांना त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. श्रद्धेला पटेना म्हणून गॅल्व्हानीने १७९८ साली नकार दिला. नोकरी गेली, पगार गेला. साठी ओलांडलेला, एकटा माणूस भावाच्या घरी जाऊन राहिला. मीही आता त्या वयाचा आहे, पेन्शन पहिल्या तारखेला जमा होते. त्या नकाराचा हिशेब मला निवांतपणे मांडता येत नाही. त्याचे नाव लक्षात घेऊन सरकारने पुढे शपथ माफ करायचे ठरवले, पण ते अंमलात येण्याआधीच ४ डिसेंबर १७९८ रोजी तो वारला. व्होल्टाने १८००मध्ये जस्त आणि चांदीच्या चकत्यांची चळत रचून जगातली पहिली बॅटरी जाहीर केली. नेपोलियनने त्याला पदक दिले, पुढे उमरावही केले.

गॅल्व्हानीचा भाचा आल्दिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका खुन्याच्या प्रेताला विजेचे झटके दिले. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. माणसांना एकदम हलवून कामाला लावणे हा क्रियापदाचा अर्थ अशा खेळांतून आला. आपण त्याला चेतवणे म्हणतो, पण ते तितकेसे बरोबर नाही. पेटलेली चूल जळत राहते. बेडकाचा पाय झटका संपला की पुन्हा निपचित. परिपत्रक लिहिणाऱ्या साहेबांना हे ठाऊक नसावे.

पत्र्याची गंमत निराळी. १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचे पेटंट घेतले आणि त्या क्रियेला गॅल्व्हानीचे नाव दिले. पत्र्यावर ओरखडा उठला, तर पावसाच्या पाण्यात दोन धातूंची जोडी जमते. जस्त आधी झिजते आणि तोवर लोखंड वाचते. म्हणजे हे तर व्होल्टाचे तत्त्व! नाव मात्र हरलेल्याचे. पण तो तरी कुठे पुरता हरला? मज्जातंतूंतून खरोखरच वीज धावते. डॉक्टरांनी काढलेला ई.सी.जी. हृदयातल्या विजेचाच आलेख असतो.

आंबोलीच्या सड्यावर पावसाच्या सुरुवातीला एक चिमुकला, पिवळसर पट्ट्यांचा भेक डबक्यांतून जमतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात ठरवले. आंबोली परिसराबाहेर तो आढळत नाही आणि नष्ट होण्याच्या टोकावर आहे. रात्री पत्र्यावरचा पाऊस जरा कमी झाला, की सड्यावरच्या सगळ्या बेडकांचा एकच गलका ऐकू येतो. तिकडे बोलोन्यात, गॅल्व्हानीच्या नावाच्या चौकात त्याचा पुतळा आहे. हातात पाटी आणि पाटीवर बेडूक. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तो पाहत नाही. मान खाली घालून बेडकाकडेच पाहतो आहे.