पियानोच्या आधी तंबोरा लावा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी हेडफोन घालून बसणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर तुमच्याकडे अँबिएंटची एखादी प्लेलिस्ट असणारच. एकच सूर मिनिटंच्या मिनिटं वाहत राहतो आणि वर मधूनच पियानोचे चार थेंब पडतात. तुमच्यातले काहीजण असे ट्रॅक घरी लॅपटॉपवर बनवतही असतील. मग ही भानगड ओळखीची असेल. खाली तंबोऱ्याचा ड्रोन टाकला, वर पियानो वाजवला. दोन्ही वेगवेगळे ऐकले तर गोड, एकत्र ऐकले की काहीतरी खुपतं. रिव्हर्ब वाढवा, फेडर खालीवर करा, खुपणं जात नाही.

हे खुपणं नेमकं ओळखणारा एक माणूस मिरजेत राहून गेला. उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व, त्यांचे हे गुरू.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावातला. घरात गाणं आणि सारंगी पिढ्यान् पिढ्या. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तिथे ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांचं प्रेम जमलं. सरदार घराण्यातली मुलगी आणि मुसलमान गवई, हे बडोद्यात चालणारं नव्हतंच. दोघं बडोदा सोडून मुंबईत आले. दरबारची नोकरी गेली ती गेलीच. पुढे १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. घराण्याची विद्या लपवून ठेवायच्या त्या काळात ते बाहेरच्या मुलांनाही मोकळेपणाने शिकवत.

आता मिरज. तिथे फरीदसाहेबांच्या घराण्यापासून तंबोरे, सतार बनवायची परंपरा आहे. भोपळ्याचा तुंबा, चार तारा, आणि घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा. या धाग्याला आणि घोडीच्या घासलेल्या उताराला मिळून जवारी म्हणतात. जवारी बरोबर जमली की एका तारेतून एकाच वेळी अनेक सूर उमटतात. खर्जाची तार नीट लागली असेल तर तिच्यातून गंधारही ऐकू येतो. तो कुणीही छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खाँसाहेबांचं गाणं या गुंजनातच उभं राहायचं. ते सावकाश एकेका सुरावर थांबायचे, तो तंबोऱ्यात पूर्ण मिसळला की मगच पुढच्या सुराकडे. तंबोरा लावायला कितीही वेळ गेला तरी चालेल, पण बेसूर तंबोऱ्यावर गाणं नाही.

याच सुमाराला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हे ब्रिटिश अधिकारी आपल्या २२ श्रुती मोजायच्या मागे होते. त्यासाठी त्यांना अगदी स्वच्छ सूर लावणारा गळा हवा होता. खाँसाहेब त्यांच्यासाठी गायले. या खटपटीतून सप्तकात २२ श्रुती देणारी श्रुती-हार्मोनियम तयार झाली. ती पेटी घराघरांत काही पोचली नाही, पण तिच्यामागचा प्रश्न आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये बसलेला आहे.

तो असा. पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा, त्यामुळे शुद्ध गंधार येतो ४०० सेंटवर. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार असतो ३८६ च्या आसपास. फरक १४ सेंटचा. पांढरी एकचा सा धरलात, तर मधल्या सप्तकात हे दोन गंधार एकमेकांवर आपटून सेकंदाला साधारण अडीच लाटा उठवतात. खुपतं ते हेच! रिव्हर्ब या लाटा झाकत नाही, उलट लांबवतो.

उपाय सोपे आहेत. एक, पियानोत गंधार टाळून सा आणि पंचमावर राहा. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा आहे. दोन, सॉफ्टवेअरमध्ये पियानोचा गंधार १४ सेंट उतरवा. तीन, मिक्स करताना आधी ड्रोनची पातळी ठरवा, मग पियानो आणा, आणि खर्ज जिथे घुमतो तिथला पियानोचा भाग इक्वलायझरने थोडा कापा. अमेरिकेतल्या ला माँटे यंग यांनी तर १९६४ पासून अख्खा पियानोच नैसर्गिक स्वरांत लावून घेतला. पुढे ते पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, म्हणजे किराणा घराण्याचेच.

खाँसाहेबांच्या घरात मात्र सूर टिकला नाही. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांतलीच मुलं. तिघंही मोठी झाली, पण वडिलांचं नाव न लावता. खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. त्यातली पिलू, झिंझोटीची ठुमरी एकदा तरी ऐका. आवाज बारीक आहे, जोर अजिबात नाही, आणि सूर हलत नाही.

१९३७ मध्ये ते मद्रासहून रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल या छोट्या स्टेशनवर उतरले. त्यांनी प्लॅटफॉर्मवर अंथरूण घालायला आणि तंबोरा लावायला सांगितलं, असं सांगतात. तंबोरा लागल्यावर त्यांनी दरबारीत प्रार्थना म्हटली आणि तिथेच त्यांचा श्वास थांबला. त्यांची कबर मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. कधी मिरजेला गेलात तर तिथे जाऊन या, आणि येताना एखाद्या तंबोरा करणाऱ्याच्या दुकानात बसून जवारी काढताना बघा. ड्रोनचं पहिलं शिक्षण तिथे फुकट मिळतं.