विहीर, शाळा आणि पंजाबराव

डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि दुसरे म्हणजे अकोल्याचे कृषी विद्यापीठ. देशाचे कृषिमंत्री म्हणून त्यांनी काढलेली दहा वर्षेही पुष्कळांना ठाऊक असतात. परंतु महाविद्यालये आणि मंत्रिपदे या पुढच्या गोष्टी होत. वऱ्हाडातील खेड्यांशी त्यांचा खरा व्यवहार सुरू झाला तो जिल्हा कौन्सिलच्या कारभारातून. एकीकडे सार्वजनिक विहीर आणि दुसरीकडे प्राथमिक शाळा, असे त्या व्यवहाराचे स्वरूप होते.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. गावच्या शाळेत पुरेसे शिकण्याची सोय नसल्यामुळे मुलाला आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा आणि त्यानंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा प्रवास करावा लागला. घरची थोडीफार ऐपत होती म्हणून हे जमले. ज्याच्या घरी चार एकर पऱ्हाटी आणि सावकाराचे देणे, त्याच्या मुलाचे शिक्षण गावची शाळा संपली की तिथेच संपत असे.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९२० मध्ये विलायतेला गेले. त्या खर्चासाठी वडिलांनी जमीन गहाण टाकली. एडिंबरो येथे एम. ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि सोबत बॅरिस्टरी अशी कमाई करून ते १९२६ मध्ये परतले. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास यावर प्रबंध लिहिला. बहुजन समाजातील एका तरुणाने वेदांवर विद्वत्ता मिळवावी, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले आणि काहींना ते रुचलेही नाही.

अमरावतीला वकिली सुरू झाली. पण मन तिच्यात फार रमले असे दिसत नाही. परतल्यावर लवकरच त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले आणि सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली राहण्याची व जेवण्याची सोय केली. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा मिळाली तरी राहायचे कुठे, हा प्रश्न त्यांनी स्वतः अनुभवलेला होता. नोव्हेंबर १९२७ मध्ये मुंबईच्या विमलाबाईंशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्याच महिन्यात अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे, ही तेथील मागणी होती आणि पंजाबराव तिच्या बाजूने उभे होते. मंदिराचा प्रश्न मात्र लगेच सुटला नाही.

१९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. मंदिराच्या दारात जे अडले होते, ते कौन्सिलच्या हद्दीत करता येण्याजोगे होते. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. वरवर पाहता हा पाण्याचा प्रश्न. पण तो शाळेपर्यंत जातो. ज्या मुलाला गावच्या विहिरीवर जाता येत नाही, त्याला शाळेत इतरांच्या मांडीला मांडी लावून कोण बसू देणार? वर्गाबाहेर, ओसरीच्या कडेला बसून शिकणारी मुले त्या काळात ठिकठिकाणी होती.

शाळांच्या बाबतीत त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग धरला. मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० मध्येच झाला होता. पण त्याने सक्ती आपोआप येत नव्हती. स्थानिक संस्थेने ती मागायची आणि आपल्या वाट्याचा पैसा उभा करायचा, अशी त्याची रचना होती. त्यामुळे कायदा पुस्तकात राहणे सोपे होते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की घरातला लहानात लहान हातही शेतात लागतो. वऱ्हाडात पोराला शाळेत धाडणे म्हणजे एका मजुरावर पाणी सोडणे.

सक्तीसाठी पैसा हवा, म्हणून पंजाबरावांनी शिक्षणकर वाढवला. हे पाऊल दिसते त्याहून अवघड होते. असल्या कराचा भार मुख्यतः जमीन बाळगणाऱ्यांवर पडतो आणि पंजाबराव त्यांच्यापैकीच होते. वर्गणी गोळा करून शाळा काढणाऱ्याचे गाव कौतुक करते. कर लावून शाळा काढणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचे शिक्षण आणले तेव्हा त्यांच्या हाती संस्थानाची सत्ता होती. पंजाबरावांच्या हाती होती ती निवडून आलेल्या कौन्सिलची; ती मतांवर चालणारी आणि म्हणून नाराजीला भिणारी.

१९३० मध्ये ते प्रांतिक विधिमंडळात गेले आणि शिक्षण, शेती व सहकार या खात्यांचे मंत्री झाले. कायदेभंगामुळे काँग्रेस त्या निवडणुकीबाहेर होती; अशा वेळी मंत्रिपद घेणे अनेकांना पटले नाही आणि त्यांचा आक्षेप अगदीच गैर होता असे म्हणता येत नाही. मात्र त्याच पदावरून त्यांनी कर्जलवादाच्या कायद्याचा पाठपुरावा केला. १९३३ च्या या कायद्याने सावकार आणि कुळ यांच्यात तडजोड घडवण्याची मंडळे आली. शाळा आणि कर्ज हे प्रश्न ते वेगळे मानत नसत, कारण कर्जबाजारी बापाचे पोरच आधी शाळेतून निघते.

१९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज तिच्या दोनशेहून अधिक शाखा विदर्भभर पसरल्या आहेत. पुढे ते संविधान सभेत होते, अमरावतीतून तीनदा लोकसभेवर निवडून आले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषी खात्याचे मंत्री राहिले. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. दिल्लीचे जागतिक कृषी प्रदर्शन त्यांच्याच पुढाकाराने भरले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विमलाबाई १९६७ मध्ये राज्यसभेवर गेल्या. वऱ्हाडातील जनतेच्या आंदोलनानंतर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले.