टायरमध्ये हवा भरणारे जनावरांचे डॉक्टर: जॉन डनलॉप

भाईंदर-उत्तनमार्गे मनोरीला जाताना खड्ड्यांचे धक्के टायरमधली हवा झेलते. तिचं श्रेय जातं जॉन बॉइड डनलॉप यांना. १८४० साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले डनलॉप बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर होते. १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्यांनी रबरी नळीत हवा भरली. १८८८ मध्ये पेटंट मिळालं, पण ते टिकलं नाही. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं! कंपनी मोठी झाली, डनलॉप श्रीमंत झाले नाहीत. १९२१ मध्ये डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.

टायर निवडताना त्यांची हवा आठवा. १८५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. चाक तेवढंच ठेवून रिम वाढवली, की हवेची गादी पातळ होते आणि खड्डा थेट रिमला लागतो.