टाळांच्या साथीने प्रवचन

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्रीला सोलापूर-धुळे महामार्गाला मिळतो. बँकेच्या नोकरीत असताना या फाट्यावर माझी एस.टी. एकदा चुकली. गावात सप्ताह चालू होता, म्हणून कीर्तनाला जाऊन बसलो. बुवांनी एकच अभंग घेतला आणि दोन तास तोच उलगडला. चरण, दृष्टान्त, मध्येच विनोद. श्रोते पेंगू लागले की टाळकऱ्यांचा गजर. त्या रात्री मला आठवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

कोकणातल्या करजगावचा हा चित्पावन ब्राह्मण. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर वीज कोसळावी तसे झाले. लक्ष्मीबाई पाच-एक वर्षे दुरावल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ते दिवस मी सांगायला नकोत.

टिळक अमेरिकन मराठी मिशनकडे नगरला आले. मिशनऱ्यांच्या प्रवचनाची घडण पाश्चात्त्य होती: आधी बायबलातले वचन, मग त्याचे मुद्दे, शेवटी बोध. ऐकणारा मात्र बहुधा ओवी-अभंगांवर वाढलेला खेडूत! मुद्दा त्याच्या कानाशीच अडायचा. ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीच नगरकडे सुरू झाले होते. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्यात आदराने घ्यावे लागेल. टिळकांनी त्याला कवीचे बळ दिले. त्यांनी ख्रिस्ती भजने आणि अभंग रचले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. उपदेशक मराठी मातीतला असावा, हा त्यांचा हट्ट होता. माझ्या मते त्यांचे खरे धाडस धर्मांतराहून या हट्टात अधिक होते. कारण आता नाराज व्हायचे होते ते त्यांचे स्वतःचे लोक.

१९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. जेमतेम दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले. अर्धे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी नेले.

पुढे एकदा नगरकडच्या चर्चमध्ये त्यांचे भजन ऐकले. पेटी-तबल्याची साथ होती, म्हाताऱ्या बाया डोळे मिटून म्हणत होत्या. प्रवचन मात्र तीन मुद्द्यांचेच निघाले.