लेडी मेहेरबाई टाटा: ल्युकेमियाशी गाठ पडलेले एक घर

जळगाव-धुळ्याकडे घरात कोणाला कॅन्सर निघाला की रुग्णाला टाटाला न्यायचे का, ही चर्चा पहिल्याच संध्याकाळी सुरू होते. मग भुसावळ किंवा जळगावहून रात्रीची गाडी, धुळेकर असतील तर चाळीसगाव गाठून रेल्वे नाहीतर थेट एसटी, पहाटे दादर, आणि हातात रिपोर्टची पिशवी घेऊन परळ. त्या रुग्णालयाचे नाव आपण रोज घेतो. पण ते ज्या आजारपणातून उभे राहिले, ते फारसे कोणाला ठाऊक नसते.

मेहेरबाईंचा जन्म १८७९ साली मुंबईत, भाभा कुटुंबात झाला. वडील हॉर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. १८९८ मध्ये जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दोराबजी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. दोघांना मूल नव्हते.

बाईंची प्रकृती ठणठणीत होती. साडी नेसून त्या टेनिस खेळत आणि बक्षिसे जिंकत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी महंमद सलीम यांच्याबरोबर त्यांचे नाव होते. स्त्रियांचे शिक्षण, मताधिकार, पडदा आणि बालविवाह यांवर त्या देशात आणि परदेशातही बोलल्या. १९२९ च्या शारदा कायद्यामागच्या प्रयत्नांत त्यांचाही वाटा होता. त्याआधी, १९२४ मध्ये, टाटांचा पोलाद कारखाना पैशाअभावी बंद पडायची वेळ आली, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता आणि बायकोचे दागिने इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून सुमारे एक कोटीचे कर्ज काढले. कारखाना तरला.

हे सांगायचे कारण असे की, माझ्याकडे येणारे बरेच नातेवाईक विचारतात, एवढा धट्टाकट्टा माणूस, व्यसन नाही, मग यालाच कसा झाला? ल्युकेमियाबाबत या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसते. हाडांतल्या मगजात रक्तपेशी तयार होतात. तिथल्या एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि बिघडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. चांगल्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून थकवा येतो, वारंवार ताप येतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग पडतात. रुग्णाने किंवा घरच्यांनी काही चुकीचे केले म्हणून हे होत नाही. आईने काय खाऊ घातले, सुनेने काय केले, या चौकशा घरात थांबवाव्यात.

मेहेरबाई आजारी पडल्या तेव्हा वैद्यकाच्या हातात काय होते? आर्सेनिकचे द्रावण, वाढलेल्या प्लीहेवर क्ष-किरण, फार तर रक्त देणे. रक्तपेढ्या अजून निघायच्या होत्या, आणि पेनिसिलिन रुग्णांपर्यंत यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. देशातल्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एक असूनही उपचारांच्या बाबतीत ते घर रिकाम्या हाताचे होते. १८ जून १९३१ रोजी उत्तर वेल्समधील रुथिन गावच्या शुश्रूषागृहात त्या वारल्या. वय ५१. लंडनजवळच्या ब्रुकवूड दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

योगायोग असा की त्याच सुमारास मुंबईत ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगारांच्या घरातील गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड ठरला. फॉलिक ॲसिड अडवले तर कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील, या विचाराने सिडनी फार्बर यांनी १९४७ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन दिले. काही मुलांचा आजार काही काळ ओसरला. ते औषध अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेत बनले, तिथले संशोधन येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालत होते. आज मुलांच्या ल्युकेमियात दिले जाणारे मेथोट्रेक्सेट याच घराण्यातले.

दोराबजी तेव्हा सत्तरी ओलांडलेले. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जे केले, ते मला फार मोठे वाटते. एप्रिल १९३२ मध्ये त्यांनी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, तोही केवळ भारतापुरता नाही, जगभरच्या संशोधकांसाठी. आपली जवळजवळ सगळी संपत्ती त्यांनी दुसऱ्या ट्रस्टच्या नावे केली. मग पत्नीच्या समाधीला भेट द्यायला निघाले. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ ला त्यांचे निधन झाले. वर्ष भरायला पंधरा दिवस कमी होते.

त्या दुसऱ्या ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा. आत्याच्या आजारातून निघालेले रुग्णालय असे भाच्याच्या खात्यात आले.

याच ट्रस्टने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही काढली, ती आजची टिस. तिथे व तशाच संस्थांत शिकलेले वैद्यकीय समाजसेवक आता मोठ्या रुग्णालयांत भेटतात. खानदेशातून जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना गाठावे. महात्मा फुले योजनेचे कागद, रेल्वे सवलतीचा अर्ज, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळेल का, हे सगळे तिथे विचारता येते. सोबत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बायोप्सीच्या स्लाइड्स न विसरता घ्या.