विनाशाची गोष्ट सांगणारा शिक्षक

सुरतेच्या ज्या पिढीने गुजराती गद्याला आधुनिक वळण दिले, तिच्यात कवी नर्मद यांच्याबरोबर नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म 21 एप्रिल 1835 रोजी सुरतेत झाला. ते दोन वर्षांचे असताना शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. मोगल काळातील हे संपन्न बंदर तोवर मुंबईपुढे निष्प्रभ झालेले होते. वैभव कसे ओसरते, हे सुरतेच्या मुलांना पुस्तकात शोधावे लागत नव्हते.

शहरातील इंग्रजी शाळेत शिकून नंदशंकर तेथेच शिक्षक झाले आणि 1858 मध्ये त्या शाळेचे पहिले भारतीय मुख्याध्यापक. शिक्षण खात्यातील रसेल या अधिकाऱ्याने त्यांना इंग्रजी धर्तीवर गुजराती कादंबरी लिहिण्यास सुचवले. 1866 मध्ये ‘करण घेलो’ प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला मराठीत जे स्थान आहे, तेच पहिल्या कादंबरीचे स्थान गुजरातीत हिला आहे.

‘घेलो’ म्हणजे वेडा. गुजरातचा अखेरचा राजपूत राजा करण वाघेला आपला प्रधान माधव याच्या पत्नीचे, रूपसुंदरीचे, हरण करतो. तिचे रक्षण करताना माधवाचा भाऊ केशव मारला जातो. सूडाने पेटलेला माधव दिल्ली गाठतो आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेला गुजरातची वाट दाखवतो. पाटणचे राज्य बुडते, राणी शत्रूच्या हाती लागते आणि करण बागलाणच्या डोंगरांत आश्रय घेतो. त्याची कन्या देवलदेवी हिच्या निमित्ताने कथेचा धागा देवगिरीच्या यादवांपर्यंत, म्हणजे मराठी भूमीपर्यंत, येऊन पोहोचतो.

आज तरुण वाचक ज्या विनाशकथा वाचतात, त्या बहुधा भविष्यात घडतात. नंदशंकरांनी तीच भीती भूतकाळात पाहिली. सारा दोष परक्या आक्रमकावर टाकणे त्यांना सोपे होते. ते त्यांनी टाळले. राज्याला पहिला तडा जातो तो राजाने स्वतःच न्याय मोडल्यावर. माधवावरील अन्यायही खराच आहे. परंतु त्याच्या सूडाची किंमत मोजतात ती निरपराध माणसे. सत्तेचा माज आणि अन्यायग्रस्ताचा आंधळा क्रोध या दोहोंपासून सावध राहण्याचा हा धडा तरुणांना उपदेशाने क्वचितच पटतो. कथेत मात्र त्यांना करणाच्या मोहात आणि माधवाच्या संतापात स्वतःलाच ओळखावे लागते.

पुढे नंदशंकर प्रशासनात गेले. राजा आणि प्रधान यांच्या वैरातून राज्य कसे बुडते हे लिहिणारा हा लेखक कच्छ संस्थानाचा दिवाण झाला. दुसरी कादंबरी त्यांनी लिहिली नाही. 1905 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची नात हंसा मेहता यांनी ‘गलिव्हरचा प्रवास’ ही माणसाच्या अहंकाराची विदारक कथा गुजरातीत आणली. 1948 च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता सर्व मानवांचा उल्लेख यावा, हा आग्रह त्यांचाच होता. आजोबांच्या कादंबरीतील सर्वनाशाला आरंभ झाला, तो एका स्त्रीला माणूस न मानता राजाची वस्तू मानण्यापासूनच.