कॉम्प्टनच्या गुडघ्याची वाटी

व्हॉलीबॉल खेळताना माझा खांदा दुसऱ्यांदा निखळला आणि डॉक्टर ऑपरेशनचं बोलले. मग काय, खोलीवर पडल्या पडल्या खेळाडूंच्या ऑपरेशनांबद्दल वाचत सुटलो. त्यात डेनिस कॉम्प्टन सापडला.

जन्म लंडनचा, १९१८ सालचा. हा पठ्ठ्या उन्हाळ्यात मिडलसेक्सकडून क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल खेळायचा! दुसऱ्या महायुद्धात त्याची नेमणूक महूला झाली आणि तो सी. के. नायडूंच्या होळकर संघातून रणजी खेळला. १९४५ च्या अंतिम सामन्यात आपल्या ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या. (सामना मात्र मुंबईने जिंकला, हे सांगायलाच हवं.) १९४७ च्या इंग्लिश मोसमात ३८१६ धावा आणि १८ शतकं. हे विक्रम अजून कुणी मोडलेले नाहीत.

पण गुडघा १९३८ सालीच फुटबॉलमध्ये, गोलकीपरशी टक्कर होऊन दुखावला होता. १९५० मध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कसोटीतली सरासरी ७.५७! दुखणं काही सुटेना. शेवटी नोव्हेंबर १९५५ मध्ये सर्जननी गुडघ्याची वाटीच काढून टाकली.

मेकॅनिक्सवाल्यांनो, इथे लक्ष द्या. मांडीचा स्नायू पाय सरळ करतो तेव्हा वाटी त्याच्या दोरीला सांध्यापासून पुढे उचलून धरते, म्हणजे मोमेंट आर्म वाढवते. वाटी गेली की तेवढ्याच टॉर्कसाठी स्नायूला जास्त जोर लावावा लागतो. दुखणं थांबवायला मशीनचा पार्टच काढला म्हणा ना! आज सर्जन शक्यतो वाटी वाचवतात.

खांद्याचा पेच वेगळा. हा सांधा म्हणजे बशीत ठेवलेलं मोसंबं, लिगामेंट्सनी आवळलेलं. ऑपरेशनमध्ये ती फार घट्ट झाली तर हात पुरता वळत नाही, सैल राहिली तर खांदा पुन्हा निखळतो. इन्फेक्शन, नसेला इजा हे धोके आहेतच. आणि ऑपरेशन टाळलं तर आपल्या वयात खांदा पुन्हा निखळायची भीती मोठी. माझं अजून ठरत नाहीये.

कॉम्प्टन मात्र १९५६ मध्ये वाटीशिवाय मैदानात उतरला. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४ काढल्या. १९५७ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्याने व्यावसायिक क्रिकेट सोडलं, तेही लॉर्ड्सवर १४३ ठोकून. १९९७ मध्ये तो गेला. ती काढलेली वाटी पुढे लॉर्ड्सवर एमसीसीच्या संग्रहात जमा झाली.